तांब्याचं ताट

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

तांब्यानं आप्पांना दात लावला. आपल्याच कुत्र्यानं, आपल्याच घरातल्या माणसाला! अक्षर तिरकं येतंय, येऊ दे.

सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या संक्रांत, बायकांना वाण लुटायला वाट्या पाहिजेत, गाळण्या पाहिजेत, आणि प्रत्येकीला शेजारणीपेक्षा वेगळं पाहिजे. हे गल्ल्यावर, मी वाट्यांच्या चळती उतरवतेय. तांब्याला मागे परसात त्याच्या जर्मनच्या ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा टाकून आले होते. म्हटलं सण आहे, त्यानंही खावं. मागून आप्पांचा आवाज आला. ओरडले नाहीत, नुसतं "अय्" म्हणाले. धावत गेले. आप्पा रांजणाजवळ उभे, एका हातात पितळी गडू, दुसऱ्या हातातून रक्त. ताट पालथं. तांब्या भिंतीला पाठ लावून, ओठ वर करून, पायाखाली भाकरी धरून. हा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

साबण लावून गडूवर गडू पाणी ओतलं, मग सरकारी दवाखान्यात नेलं. टाके पडले नाहीत. तांब्याला लस दिलेली आहे म्हटलं, तरी इंजेक्शनं सगळी घ्यायची म्हणाले. नर्सनं आप्पांना नाव विचारलं. चौसाळ्यात भांड्यांचं दुकान उभं केलेला माणूस, हायवेच्या दोन्ही बाजूंची गावं ज्याला ओळखतात — माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितलं, "चन्नप्पा. माझे सासरे आहेत." तसे ते हसले. बरं झालं सांगितलंस, असं काहीतरी होतं त्या हसण्यात.

ह्यांचा राग घरी आल्यावर बाहेर पडला. "उद्याच्या उद्या सोडून येतो त्याला."

"कुठं?"

"कुठं बी. हायवेला. माझा बाप हाय तो, गंगासागर. उद्या गळ्याला धरलं म्हंजे?"

त्यांचं चुकतंय असं मला म्हणता आलं नाही. "संक्रांत होऊ द्या," एवढंच म्हटलं.

तांब्या दाराच्या फटीला नाक लावून बसलाय. मी दार उघडलं नाही. मलाही राग आलाय.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी आप्पा पट्टीकडे बघून, "हाताला काय झालं?"

"कुत्रं चावलं."

"कुणाचं?"

"आपलं, आप्पा. तांब्या."

"आपलं कसं चावंल? येडी का खुळी तू."

आणि उठून परसात गेले, पट्टीचाच हात त्याच्या पाठीवर ठेवला. माझा जीव खालीवर. तांब्यानं पट्टी चाटली, मग मान त्यांच्या गुडघ्यावर टाकली. ताट समोर नसलं की हा असा. ताट दिसलं की तो तसा.

१६ जानेवारी, शुक्रवार

उमापूरचे धोंडीराम आले होते. मोठे बागाईतदार, घरात लग्न निघालं की भांडी आमच्याकडनंच नेतात, ह्यांचे जुने स्नेही. चहा पिता पिता ह्यांनी कुत्र्याचं सांगितलं. त्यांना आनंदच झाला!

"अमरनाथ, सोडतो कावून? मला दे की. मळ्यात विहिरीवरची मोटार चोरीला जाती, असलंच कुत्रं पायजे. चावणारं. साखळीला बांधतो अन् खायाला घालतो."

हे लगेच हो म्हणाले. धोंडीरामांची सध्या ऊस तोडायची गडबड, म्हणून महाशिवरात्रीला पिकअप घेऊन येणार. तोपर्यंत कुत्रं आमच्याकडे. जाता जाता मला म्हणाले, "वैनी, तवर एक करा. खाताना ताट काढून घ्या, हातात काठी ठिवा. मालक कोन हाय ते कळू द्या त्याला."

साखळीला. तांब्या आयुष्यात एकदाही साखळीला नव्हता. भांड्यांच्या खोक्यातल्या पेंढ्यात बसून आला, मुठीएवढा, रंग घासलेल्या तांब्याचा. नाव आप्पांनीच ठेवलं. पाहुण्यांसमोर "तांब्या आण" म्हटलं की कुणी पाणी आणतं, कुणी कुत्रं.

पण मला खरी धास्ती तांब्याची नाहीच. आप्पांची आहे. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललंय. मला आक्का म्हणतात — त्यांची बहीण, ती कधीच वारली. ह्यांना, पोटच्या पोराला, परवा "सायब" म्हणाले. तांब्याचं नाव मात्र एकदाही चुकलं नाही. दिवस मावळायला लागला की आप्पा उठतात, "घरी जाऊ द्या मला" म्हणतात, घरातच उभे राहून. तेव्हा मी नको, हे नकोत. तांब्या जाऊन पायाशी बसतो, ते त्याच्या कानाशी चाळा करत बसतात, आणि वेळ टळते. तांब्या उमापूरला गेला तर त्या वेळी मी काय करू?

१८ जानेवारी, रविवार

धोंडीरामांचा उपाय केला. ह्यांनी काठी घेतली, ताट ओढलं. तांब्या आधी गुरगुरला, काठी बघून गप्प झाला, ताट दिलं. हे माझ्याकडे बघून, "बघ. कळतंय त्याला."

संध्याकाळी मी नुसती त्याच्या बाजूनं गेले, वाळलेले कपडे काढायला. न गुरगुरता, काही न सांगता, अंगावर आला. पदर फाटला. नवीन लुगडं नव्हतं हे नशीब.

१९ जानेवारी, सोमवार

ह्यांना न सांगता गुरांच्या दवाखान्यात जाऊन आले. सत्यशीला मॅडम आहेत तिथं, बोलायला तुटक, पण ऐकून घेतात. कुत्रं आणलं नाही म्हणून मी ओशाळले, तर म्हणाल्या, "बरं केलं. इथं तो वेगळाच वागेल."

काठीचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय तुम्हाला. ते सांगणं तुम्ही बंद पाडलंत. आता तो न सांगता चावतो." मग म्हणाल्या, "तो कशामुळे करतो ते मला नका सांगू. कधी करतो ते सांगा. लांबून बघा नुसतं. आणि तो जेवताना सासऱ्यांना तिथं जाता येता कामा नये."

परसाच्या जाळीच्या दाराला कडी होतीच. आप्पांना कडी काढता येते. कुलूप लावलं. दुकानातलंच, पितळी.

२१ जानेवारी, बुधवार

कळलं!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तांब्या खाली मान घालून खात होता, शेपूट सैल. भिंतीवरून मांजर गेलं, त्यानं एकदा बघितलं आणि परत खायला लागला. गल्लीत पोरं ओरडत होती, काही नाही. तेवढ्यात घरातल्या माठात आप्पांनी गडू बुडवला. बुडबुड आवाज झाला. बस्स! तांब्या जागच्या जागी ताठ. न चावता गिळायला लागला, भाकरी घशात अडकेपर्यंत, आणि पोटातून ती गुरगुर. आप्पा परसात नव्हतेच. दार बंद, कुलूप लावलेलं. नुसता गडूचा आवाज.

मी तिथंच ओट्याला टेकले.

आमच्या घरात उष्टं टाकत नाहीत. अन्न म्हणजे प्रसाद. आप्पा जेवण झालं की ताटात पाणी ओततात, बोटानं ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. लग्न होऊन आले तेव्हा मला किळस आली होती, आता मीही तेच करते. ताट कुठं पडलेलं दिसलं की आप्पांना राहवत नाही. सगळं विसरले, हे विसरले नाहीत. फक्त ताट कुणाचं ते आता कळत नाही. पडलं म्हणजे उष्टं. गडू भरायचा, पाणी ओतायचं, ताट उचलायचं. तांब्याची भाकरी अर्धी राहिलेली असो की अख्खी. एकदा तर तांब्याचं ताट धुऊन तोंडाला लावत होते, मी धावत जाऊन काढून घेतलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

आणि आप्पाच काय! मी मुंग्या होतात म्हणून त्याचं चाटणं संपायच्या आत ताट ओढते. हे, ताट पायात येतं म्हणून, उचलून भिंतीवर ठेवतात. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या धाकानं कुणी त्याच्या ताटाजवळ फिरकत नव्हतं. "खाऊ द्या रे त्याला," म्हणायच्या. त्या गेल्या आणि तेव्हापासून त्याच्या ताटाकडे जो हात आला तो न्यायलाच आला. गुरगुरेल नाहीतर काय करेल बिचारा. माझं ताट कुणी असं नेलं असतं तर मीही गप्प बसले नसते.

सकाळपर्यंतचा सगळा राग गेला. त्याला जवळ घेऊन बसले. त्याला काय कळलं देव जाणे, माझी वेणी चघळली.

२२ जानेवारी, गुरुवार

मॅडमना जाऊन सांगितलं. पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, आता त्या आवाजाचा अर्थ बदलायचा. गडू वाजला की काहीतरी जाणार, हे त्याला माहीत आहे. गडू वाजला की काहीतरी येणार, हे माहीत करून द्यायचं. भाकरीपेक्षा चांगलं काहीतरी. "उकडलेलं चिकन घ्या."

"मॅडम, आमी लिंगायत."

"अंडं?"

मी नुसतं बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग दोघी विचार करत बसलो, कुत्र्यानं जीव टाकावा असं आमच्या घरात काय आहे! शेवटी मीच म्हटलं, खवा. इकडे खव्याच्या भट्ट्यांना काय तोटा. "चालेल," म्हणाल्या, "साखर न घातलेला. हरभऱ्याएवढा तुकडा, जास्त नाही."

पद्धत अशी: लांब उभं राहायचं, जाळीच्या बाहेर. बादलीत गडू बुडवायचा. खवा ताटाकडे फेकायचा. आणि निघून जायचं. ताटाला हात नाही, त्याच्याशी बोलणं नाही, वळून बघायचं नाही. वळून बघितलं की त्याला वाटतं आता नेणार. त्याची शेपूट सैल राहिली तरच दुसऱ्या दिवशी थोडं पुढे सरकायचं. ताट तो परसातून आत आल्यावर, त्याच्या पाठीमागे उचलायचं.

"शिवरात्रीपर्यंत होईल?" मी विचारलं.

"ते त्याला विचारा," म्हणाल्या.

२५ जानेवारी, रविवार

खवा फेकला. त्यानं खाल्ला, आणि आता खव्यासाठीही गुरगुरला. प्रगती आहे!

२९ जानेवारी, गुरुवार

आज गडू वाजला आणि तांब्यानं मान वर केली. ताठ झाला नाही. माझ्याकडे बघितलं, कान पुढे, "कुठाय?" असं. खवा फेकला, वळले, आत आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. कुत्र्यानं मान वर केली म्हणून रडणारी चौसाळ्यात मी एकटीच असेन.

मग म्हटलं आप्पांच्या हातून करून बघू. जाळीच्या बाहेर उभं केलं, हातात खवा दिला. "आप्पा, तांब्याकडं फेका."

आप्पांनी तोंडात टाकला. "लई ग्वाड हाय, आक्का."

दुसरा दिला. तोही गेला. तिसरा मी त्यांचा हात धरून फेकायला लावला. खवा माझ्या डोक्यावरून मागे गेला, पण तांब्याची शेपूट हलली, आप्पांकडे बघून हलली.

हे दुकानातून बघत होते. "कुत्र्याला खवा, बापाला खवा. आमी भाकरीच खायाची." चिडून म्हणाले की चेष्टेनं ते कळलं नाही. आज त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जेवतानाही आप्पांचं ताट अर्ध्यातच उचललं. आप्पा तोच घास हातात घेऊन बसतात खूप वेळ, तिकडे दुकान उघडं पडतं. "झालं आप्पा, उठा," म्हणून ताट नेलं. रोज असंच होतं, माणूस तरी किती वेळ धीर धरणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं मुसळ केरात.

मी बाजारात गेले होते. ह्यांना वाटलं बघावं किती सुधारलंय. कुलूप काढून सरळ आत गेले आणि तो खात असताना ताट उचललं. तांब्यानं मनगट धरलं. फार लागलं नाही, ओरखडा. ह्यांनाही आता इंजेक्शनं. बापलेक एका रांगेत.

"तुला कुत्रं माझ्या बापापरीस जास्त झालं काय?" असं म्हणाले. इतक्या वर्षांत मला असं बोलले नव्हते.

"तुमच्या बापासाठीच करतेय मी!"

"मग त्यांच्यासाठीच ते गेलं पायजे." तिथंच फोन लावला. धोंडीराम, शिवरात्रीला नक्की. बदल न्हाई.

पदरात बाजार तसाच धरून उभी होते. कोथिंबीर पार चुरगळली.

४ फेब्रुवारी, बुधवार

घरात बोलणं बंद. गडू वाजला, तांब्या परत ताठ. पहिल्यापासून.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहायलाच पाहिजे.

दिवस कलताना ह्यांनी तांब्याला गोदामात नेऊन बांधलं, गल्लीच्या टोकाला. मला म्हणाले, "तू म्हणती त्याच्याबिगर त्यांचं भागत न्हाई. बघू की. नाहीतरी सवय लावावीच लागंल." मला ते वाईट हेतूनं वाटलं नाही. त्यांनाही उत्तर पाहिजे होतं.

आप्पांनी आधी बाजेखाली वाकून बघितलं. मग परसात. मग दुकानात येऊन पातेल्यांच्या मागे. मी म्हटलं, येईल, फिरायला गेलाय. गिऱ्हाईक आलं म्हणून परात दाखवायला वळले, तेवढ्यात आप्पा नाहीत!

हे एका बाजूला, मी एका बाजूला. हायवेवर ट्रक सुसाट जात होते, मी प्रत्येक ट्रकच्या मागे वाकून बघत होते. शेवटी स्टँडजवळच्या हॉटेलात सापडले. अनवाणी. बाकावर बसवलं होतं कुणीतरी. प्रत्येक टेबलाजवळ जाऊन विचारत होते म्हणे, "माझं कुत्रं बघितलं का वो? तांबडं हाय."

ह्यांनी हात धरला. आप्पांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "तुमी बघितलं का, सायब?"

आप्पांना घरी आणलं. हे तडक गोदामात गेले, तांब्याला सोडलं. तांब्या धावत आला आणि आप्पांच्या पायात शिरला, आप्पा जवळजवळ पडलेच. हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मला त्यांची इतकी दया आली, पण जवळ जावं की नाही ते कळेना. गेले शेवटी. खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी काढला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ओट्यावर पाव किलो खवा. ह्यांनी आणला. 

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज ह्यांनी स्वतः गडू बुडवला. पाणी निम्मं पायावर. खवा फेकला तो बरोबर ताटात पडला, लहानपणी गोट्या चांगल्या खेळायचे म्हणे. आणि मग उभे राहिले, बघत.

"वळायचं. निघून जायचं," मी खिडकीतून.

"बघू बी नको का?"

"बघायचं नाही. दिलं आणि गेलं, एवढंच."

गेले. त्यांच्या पाठीमागे तांब्या त्यांच्याकडे बघत राहिला, मग ताटाकडे वळला. गुरगुर नाही. हे मी त्यांना आत जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "धोंडीरामला शब्द दिलाय पण." आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

देवळात गर्दी, घरात उपास, रताळी उकडायची, पूजेची तयारी, आणि अकरा वाजता धोंडीरामांचा पिकअप दारात. नवी साखळी आणली होती. चकचकीत. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

हे त्यांना घेऊन परसाच्या जाळीपाशी आले. तांब्याला नुकतीच भाकरी घातली होती, उपास आमचा, त्याचा कशाला. "खाऊ द्या त्याला, मग न्या," मी म्हटलं.  बोलता बोलता बघते तर जाळीचं दार उघडं. गडबडीत कुलूप मीच लावलं नव्हतं. आणि आप्पा आत. रांजणात गडू बुडवलेला.

बुडबुड आवाज झाला.

हे पुढे निघाले, मी त्यांचा सदरा धरला. का धरला ते मला अजून सांगता येत नाही. आता ओरडलं, धावलं, तर तो बिथरेल, एवढंच डोक्यात आलं असेल. किंवा काहीच आलं नसेल.

आप्पा गडू घेऊन ताटाशी गेले. वाकले. हात पुढे केला. पट्टीची जागा अजून पांढरी दिसते त्या हातावर. तांब्याचं खाणं थांबलं. अंग थोडं आवळलं, मला दिसलं ते. मग त्यानं मान वर केली. आप्पांच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. तिथं खवा नव्हता, गडू होता. त्यानं परत आप्पांच्या तोंडाकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकून खाली बसला. वाट बघत. शेपूट मातीत इकडून तिकडे.

आप्पांनी ताट उचललं. आत बघितलं. जानेवारीपासून, नाही, त्याच्याही आधीपासून, त्यांनी कधी आत बघितलं नव्हतं. ताट दिसलं की उचलायची घाई असायची.

"अजून हाय की ह्यात," म्हणाले. "ह्याचं जेवण व्हायचंय." आणि ताट परत खाली ठेवलं. त्याच्या पुढे सारलं. गडूतलं पाणी स्वतः प्यायले आणि घरात निघून आले, जाता जाता मला म्हणाले, "आक्का, कुणी उठवू नका त्याला जेवताना."

 धोंडीरामांनी साखळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वैनी, ह्ये कुत्रं मळ्याच्या कामाचं न्हाई राह्यलं. चोराला बी ताट देईल." हसले, मग ह्यांच्याकडे बघून गंभीर झाले. "ठिव, अमरनाथ. आप्पाला राहू दे."

रताळी खाऊन गेले. चांगला माणूस आहे. मी त्यांच्यावर मनातल्या मनात किती दात खाल्ले होते!

संध्याकाळी लेकीचा, शिवांजलीचा फोन आला पुण्याहून. "आई, कुत्रं गेलं का?" मी सांगायला लागले आणि हसू की रडू झालं. पोरगी घाबरली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना पेढे दिले. म्हणाल्या, कुलूप काढू नका. काढणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तांब्याचं चांगलं चाललंय, आप्पांचं नाही. आज जेवले आणि तसेच उठले. ताटात पाणी ओतलं नाही. मी गडू पुढे केला, तर गडूकडे असे बघायला लागले जसं ही वस्तू कधी पाहिलीच नाही. भांड्यांच्या दुकानाचा मालक! हे ताटाकडे बघत बसले होते. सगळ्यांत शेवटी जाईल असं वाटलं होतं ते गेलं.

मीच ते ताट धुतलं, पाणी बेलाच्या झाडाला घातलं. टाकवेना.

ह्यांची चिडचिड परत वाढलीय. घाईही. ताट लवकर उचलतात, कपडे स्वतःच घालून देतात, पटापट. मला कळतं ते कशापासून पळतायत, पण सांगणार कसं.

५ मार्च, गुरुवार

दुपारी ह्यांनी आप्पांचं ताट उचलायला हात घातला. आप्पांनी दोन्ही हातांनी ताट छातीशी ओढलं, वरण सगळं सदऱ्यावर, आणि ह्यांच्या मनगटावर फटका मारला, तिथंच, जुन्या ओरखड्यावर. "न्हेऊ नको," म्हणाले. पोटातून.

ह्यांनी हात मागे घेतला. मग स्वयंपाकघरात गेले, खव्याचा तुकडा आणला, जाता जाता आप्पांच्या ताटात ठेवला आणि दुकानात निघून गेले. वळून बघितलं नाही.